समुद्र तोच, राष्ट्राध्यक्ष नवा



आजचा विषय जरा जड वाटेल: समुद्राच्या हद्दीवरून होणारी भांडणं. मी काही तज्ज्ञ नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री नकाशे उघडून बसतो. पण एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. नकाशा बदलत नाही, कायदा बदलत नाही, मग एकाच देशाची भूमिका दर काही वर्षांनी उलटी कशी होते?

उदाहरण घेऊ फिलिपिन्सचं. लुझॉन बेटापासून साधारण १२० सागरी मैलांवर स्कारबरो शोल आहे. भरतीच्या वेळी पाण्यावर जेमतेम काही खडक दिसतात. पण आत मासळी चांगली आणि वादळात होड्यांना आसरा, म्हणून कोळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. एप्रिल २०१२ मध्ये तिथे फिलिपिन्स आणि चीनची जहाजं समोरासमोर आली. काही आठवड्यांनी फिलिपिन्सची जहाजं परतली, चीनची राहिली. तेव्हापासून ताबा चीनचा.

राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांनी जानेवारी २०१३ मध्ये चीनविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. १२ जुलै २०१६ ला निकाल आला. खडक कोणाच्या मालकीचे, हे लवादाने ठरवलं नाही. पण नऊ रेघांच्या नकाशावरून चीन सांगत असलेल्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही आणि स्कारबरोला कोळ्यांना अडवणं चुकीचं, असं स्पष्ट सांगितलं.

आता गंमत बघा. निकाल आला तेव्हा रोद्रिगो दुतेर्ते यांना राष्ट्राध्यक्ष होऊन फक्त बारा दिवस झाले होते. प्रचारात हेच म्हणाले होते, मी जेट स्कीवरून जाऊन तिथे झेंडा रोवीन. निवडून आल्यावर मात्र त्यांनी निकाल बाजूला ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये बीजिंग गाठलं. का? कारणं घरातली होती. रस्ते-रेल्वेसाठी पैसा हवा होता आणि ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर अमेरिका टीका करत होती. जेट स्कीचं पुढे २०२१ मध्ये स्वतःच म्हणाले, तो विनोद होता!

बदल्यात काहीच मिळालं नाही, असंही नाही. त्या भेटीनंतर कोळ्यांना स्कारबरोजवळ पुन्हा जाता आलं. पण ती चीनने दिलेली सवलत होती, हक्क नव्हता. जून २०१९ मध्ये रीड बँकजवळ एका चिनी जहाजाने फिलिपिनो होडीला धडक दिली आणि २२ कोळ्यांना पाण्यात सोडून ते निघून गेलं. त्यांना वाचवलं व्हिएतनामच्या होडीने. दुतेर्तेंनी ही घटना किरकोळ ठरवली. देशात संताप उसळला.

२०२२ मध्ये फर्डिनंड मार्कोस ज्युनियर आले. सुरुवातीला तेही बीजिंगला जाऊन आले. पण २०२३ पासून त्यांच्या तटरक्षक दलाने धडकांचे, पाण्याच्या फवाऱ्यांचे व्हिडिओ थेट जगासमोर ठेवायला सुरुवात केली. मतदारांचा चीनवर विश्वास नव्हताच. पुढे दुतेर्ते घराण्याशी युती तुटली, तेव्हा ठाम भूमिका हे वेगळेपण दाखवायचं साधनही झालं.

यामागे एक साधा नियम आहे. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच टर्म मिळते. प्रोजेक्टवर नवा लीड आला की आधीच्याचा अर्धा कोड कॉमेंट करून टाकतो ना, तसंच. फक्त इथे बग निघाला तर माणूस समुद्रात पडतो.

आपल्याकडेही हे दिसतं. कच्चथीवू बेटाचा करार १९७४ चा, पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. मतदान झालं, भाषणं थांबली. रामेश्वरमच्या कोळ्यांच्या अटकेचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे.

म्हणून पुढच्या वेळी कोणताही नेता समुद्राबद्दल गरजला, की दोन प्रश्न विचारा. हे वाक्य समोरच्या देशासाठी आहे की मतदारासाठी? आणि उद्या पहाटे होडी काढणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!