सांध्यांचे बळ

झाशी शहराच्या तटाला जुन्या काळी दहा वेशी होत्या. त्यांपैकी ओरछ्याच्या वाटेवरची वेस म्हणजे ओरछा गेट. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज शहरात शिरली, ती दुल्हाजू नावाच्या सरदाराने हीच वेस आतून उघडून दिली म्हणून, असे लोक सांगत आले. इंग्रजांच्या वृत्तांतांत मात्र शिड्यांचा आणि तटाला पडलेल्या भगदाडाचा उल्लेख आहे. आख्यायिकेचा न्यायनिवाडा इतिहासकारांनी करावा. आपल्याला तिच्यातले मर्म पुरे: दार कितीही भक्कम असले, तरी त्याचे सारे बळ एका अडसरावर टांगलेले असते. तो एक ढळला की सर्वच ढळले.

सुताराला ही चिंता नित्याची आहे. अखंड तुळई घेतली आणि तिच्या मध्यभागी मोठी गाठ निघाली, तर तुळई तेथेच मोडणार. बाकीचे लाकूड सोन्यासारखे असूनही उपयोग नाही. यावरचा जुना उपाय एकच, निर्दोष लाकूड शोधणे. त्यासाठी शंभर वर्षांचा साग हवा, आणि तसे वृक्ष आता किती उरले आहेत?

विसाव्या शतकात यावर निराळा तोडगा निघाला. ओंडका वाफेत किंवा गरम पाण्यात मऊ करतात, यंत्रावर फिरवतात आणि पात्याने त्याचा सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा सोलतात. गुंडाळलेली चटई उलगडावी तसा ओंडका उलगडत जातो. हे पापुद्रे वाळवून, त्यांना फिनॉलयुक्त डिंक लावून थरावर थर रचतात आणि उष्ण दाबयंत्रात दाबतात. प्लायवूडमध्ये एका थराचे तंतू उभे, तर दुसऱ्याचे आडवे. तुळईसाठी मात्र सर्व थरांचे तंतू लांबीच्याच दिशेने ठेवतात, कारण भार त्याच दिशेने पेलायचा असतो.

पण पापुद्रा असतो दोन-अडीच मीटरांचा, आणि तुळई हवी दहा-बारा मीटरांची. म्हणून एका पापुद्र्याच्या टोकावर दुसऱ्याचे टोक थोडे चढवतात, किंवा दोन्ही टोके तिरकी तासून जुळवतात. खरी खुबी पुढेच आहे. पहिल्या थरातला सांधा जेथे येतो, तेथे दुसऱ्या थरातला येऊ देत नाहीत. तो पुढे सरकवतात, तिसरा त्याहून पुढे. गाठीचेही तसेच. ओंडक्यातली गाठ सोलताना अनेक पापुद्र्यांत वाटली जाते आणि थर रचताना विखुरते. दोष नाहीसा होत नाही, त्याची एकजूट तेवढी मोडते. एक सांधा कच्चा निघाला, तरी वरचा आणि खालचा अखंड थर त्याचा भार उचलतो.

आपल्या देशाला याचे मोल अधिक आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर कडक निर्बंध आले आणि लाकूडधंद्याला शेतातल्या झाडांकडे वळावे लागले. हरियाणातील यमुनानगरचे कारखाने शेतकऱ्यांच्या पॉपलरवर चालतात. हे झाड सहा-सात वर्षांत तोडणीला येते. त्याचे लाकूड हलके, एकट्याने फारसा भार न पेलणारे. पण पातळ सोलून, नीट सांधून रचले की त्याच्या अंगी तुळईचे बळ येते.

ज्या कामाला एकेकाळी अरण्यातला महावृक्षच लागे, ते आज बांधावरची झाडे करू शकतात. त्यासाठी प्रत्येक थर निर्दोष असण्याची गरज नाही. सर्वांचे दोष एका जागी येऊ नयेत, एवढी काळजी मात्र रचणाऱ्याने घ्यावी लागते.