वहीची मागची पानं



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या त्या वहीबद्दल बोल." ज्यांना ती ठाऊक नाही, म्हणजे मुख्यतः आपल्याबरोबर आलेल्या नवऱ्या-बायकांना, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठवीत असताना शाळेच्या कपाटातली भा. रा. भागवतांची पुस्तकं वाचून संपली, तेव्हा फुरसुंगीच्या बनेश फेणेची, आपल्या फास्टर फेणेची, नवी साहसं मीच दोनशेपानी वहीत लिहायला लागले. दुसऱ्याचं पात्र घेऊन वाचकाने लिहिलेल्या अशा गोष्टीला आज फॅन फिक्शन म्हणतात. आपण नुसतं 'वही' म्हणायचो. ती बाकाखालून फिरायची आणि मागच्या पानांवर तुम्ही अभिप्राय लिहायचात. मी अजूनही हौसेने लिहिते. वाचकाला उत्तर कसं द्यावं, हे मात्र त्या मागच्या पानांवरच शिकले.

पहिला प्रकार लाल शाईचा. मराठीच्या बाईंनी वही पकडली, घरी नेली आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून परत दिली. अशा अभिप्रायाला उत्तर एकच : "हो, बाई."

दुसरा प्रकार : "फास्टर फेणे असं करणारच नाही!" इथे 'गोष्ट माझी आहे, मी काहीही लिहीन' असं म्हणता येत नाही, कारण बन्या माझा नव्हता. तो भागवतांचा, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाचा. एकाची मागणी होती की बन्याने तीन गुंडांना एकट्याने लोळवावं. मग आम्ही दोघांनी मधल्या सुट्टीत पुस्तक उघडलं. बन्या किडकिडीत. त्याची ताकद डोक्यात आणि सायकलच्या पायडलवर. मारामारी काही झाली नाही, पण पुढच्या गोष्टीतली पळापळ त्याच मित्राने सुचवली. वाद झाला तर मूळ पुस्तकाकडे जायचं, हा नियम मी आजही पाळते.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. हे मी त्या मित्राला विचारूनच सांगते आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे वडील गेले. त्याच सुमाराला वहीत एक साहस होतं. त्यात गोदामाचा म्हातारा रखवालदार बन्याला वाचवताना मरतो. मागच्या पानावर मित्राने लिहिलं : "रखवालदाराला जिवंत कर." कारण लिहिलं नव्हतं. वर्गात सगळ्यांना ते माहीत होतं आणि काय बोलावं ते कोणालाच माहीत नव्हतं.

पान फाडून नवं लिहिणं सोपं होतं. पण अर्ध्या वर्गाने ती गोष्ट वाचली होती, आणि त्यानेही. पान फाडलं म्हणून माणूस परत येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून मी शेवट तसाच ठेवला आणि पुढची गोष्ट लिहिली. बन्या रखवालदाराच्या मुलाकडे जातो आणि दोघं मिळून दुपारभर एका जुन्या सायकलचं पंक्चर काढतात. बस. बाकीच्यांनी तक्रार केली, "यात चोर कुठाय?" त्याने वही आठ दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा मागच्या पानावर एकच शब्द होता : 'ट्टॉक'.

पुढे कळलं की मोठ्या लेखकांवरही हीच वेळ आली होती. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला संपवलं, तेव्हा वाचकांनी निषेधाची पत्रं धाडली. १९०१ मध्ये त्यांनी होम्सची, त्याच्या शेवटाआधी घडणारी कादंबरी दिली आणि १९०३ मध्ये नव्या कथेतून त्याला परत आणलं. १८९३ची कथा मात्र जागच्या जागी राहिली.

म्हणून आज कोणी माझ्या गोष्टीचा शेवट बदलायला सांगितलं, तर मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारते, "नेमकं कुठे लागलं?" बहुतेक वेळा माणूस गोष्टीबद्दल बोलत बोलत स्वतःबद्दल बोलायला लागतो. तेव्हा आपण ऐकायचं. उत्तर पुढच्या गोष्टीत देता येतं.

या भाषणावरचे अभिप्राय जेवणाच्या वेळी तोंडी चालतील. बाई, शुद्धलेखन तेवढं स्मरणिकेत बघून घ्या.