नव्वद दिवसांच्या आत
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला पैशांविषयी बोलायला सांगितलं आहे. आपल्या मंडळात पैशांचा विषय निघतो तो वर्गणीपुरता आणि मखराच्या खर्चापुरता. घरातल्या पैशांविषयी आपण बोलत नाही. मुलाचं पॅकेज सांगतो, थकलेला हप्ता सांगत नाही.

आम्ही सहा जण. दोघं बँकेतून निवृत्त झालेले, एक वकील, एक विमा कचेरीत नोकरी केलेल्या ताई आणि उरलेले दोघं नुसतेच चिकाटीचे. महिन्यातून दोन रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात बसतो. ज्याला अडचण आहे त्यानं यावं, कागद दाखवावेत, त्यात काय लिहिलंय ते आम्ही समजावून सांगावं, अर्ज लिहून द्यावा, लागलं तर बँकेत सोबत जावं. एवढंच काम. आम्ही कर्ज देत नाही आणि देणगीही देत नाही.

बडोद्याला हे नवं नाही. 1889 साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी याच शहरात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात आला 1904 साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. कायदा नव्हता तेव्हा पगारदार मंडळींनी एकमेकांच्या शब्दावर थोडे थोडे पैसे एकत्र केले, ते सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. ‘अन्योन्य’चं पुढे काय झालं ते इथे बसलेल्यांना सांगायला नको, कित्येकांच्या घरात ती पासबुकं अजून आहेत. पण अडचणीतल्या माणसानं ओळखीच्या चार माणसांकडे आधी यावं, ही त्यामागची कल्पना आम्हाला अजून पटते.

नेमकं तेच होत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे उशिरा येतात. दारावर नोटीस चिकटली की येतात. उशीर म्हणजे किती, ते आधी सांगतो, कारण हा हिशेब बँकेतल्या माणसाला पाठ असतो आणि कर्जदाराला कोणी सांगितलेला नसतो.

समजा घराच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला जायचा होता आणि खात्यात पैसे नव्हते. त्या दिवसापासून बँकेचा संगणक दिवस मोजू लागतो. पहिले तीस दिवस एक खूण, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए होतं, बँकेच्या भाषेत अनुत्पादक. कर्जदाराला वाटतं, तीन हप्ते थकले काय आणि चार थकले काय, सारखंच. सारखं नाही. नव्वद दिवसांच्या आत सगळ्यात जुना थकलेला एक हप्ता जरी भरला, तरी मोजणी तेवढी मागे येते. एनपीए झाल्यावर एका हप्त्यानं काही होत नाही, मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा सुधारलं असं धरत नाहीत. नव्वदीच्या अलीकडे जे काम बावीस हजारांत झालं असतं, त्याला पलीकडे लाख लागतो, आणि तो आणायचा कुठून हा तर मूळ प्रश्न.

त्यानंतर 2002 चा सरफेसी कायदा लागू होतो. बँक साठ दिवसांची नोटीस देते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे फार थोडे जण करतात, बहुतेक घरांत ते पाकीट देव्हाऱ्याच्या खणात तसंच पडून असतं. साठ दिवस संपल्यावर बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. त्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. वकील आणि फी धरून तोवर खर्च कुठच्या कुठे गेलेला असतो.

एका कुटुंबाची गोष्ट नाव-गाव न सांगता सांगतो. कारखाना बंद झाला, पन्नाशीतल्या गृहस्थांची नोकरी गेली. फ्लॅटचं कर्ज निम्मं फिटलेलं. ते दुसऱ्या महिन्यात आमच्याकडे आले. हिशेब मांडल्यावर दिसलं, की नव्या नोकरीच्या पगारात हा हप्ता झेपणारच नाही. बँकेला सांगून, तिच्या संमतीनं त्यांनी फ्लॅट स्वतः विकला, कर्ज फेडलं, उरलेल्या रकमेत लहान जागा घेतली. काकू फार रडल्या. पण गिऱ्हाईक त्यांनी निवडलं, भाव त्यांनी ठरवला. लिलावात यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. अगदी असंच दुसरं एक कुटुंब आमच्याकडे अकराव्या महिन्यात आलं. त्यांच्यासाठी आम्ही फारसं काही करू शकलो नाही.

मधल्या काळात माणसं काय करतात? झाकतात. आधी क्रेडिट कार्ड. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, तेवढी भरली की फोन येत नाहीत, आणि माणसाला वाटतं निभावलं. पन्नास हजारांच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज धरा. 1,750 रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे 315, मिळून 2,065. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 2,500. तुम्ही अडीच हजार भरले, कर्ज उतरलं 435 रुपयांनी. वर मागची बाकी असताना नव्या खरेदीवर व्याजमाफीचे दिवस मिळत नाहीत, दूध-भाजी कार्डावर घेतली तरी त्याच दिवसापासून व्याज.

मग सोनं. सोनं गहाण ठेवायला आमचा विरोध नाही, ते त्यासाठीच असतं असं आमच्या आज्या म्हणायच्या. फक्त ते बँकेत ठेवा, पावतीवर वजन आणि कस लिहून घ्या, आणि वर्षाअखेर नुसतं व्याज भरून नूतनीकरण करताना सोडवण्याचे पैसे कुठून येणार ते घरात बोला. बायकोच्या पाटल्या गहाण आहेत हे बायकोला लिलावाच्या नोटिशीवरून कळावं, असं दोनदा झालेलं आम्ही पाहिलं.

शेवटी मोबाइलवरची कर्जं. रीतसर कर्ज देणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी एका कागदावर एकूण खर्चाचा वार्षिक दर द्यावा लागतो, रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा करावी लागते, आणि तुमच्या फोनमधले लोकांचे नंबर त्याला घेता येत नाहीत. नंबर मागितले की ते अ‍ॅप तिथेच काढून टाका. धमक्या किंवा घाणेरडे फोटो येऊ लागले तर 1930 या नंबरवर तक्रार करा आणि घरच्यांना सांगा. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. घरचे रागावतील, पण चार दिवसच. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना गाठून बदनामी करता येत नाही. बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

जामीनकीविषयी एकच सांगतो, कारण आपल्यात ती भिडेखातर होते. मेहुण्यानं कागद पुढे केला, आपण सही केली, चहा प्यायलो. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे, त्याच्या 128 व्या कलमात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं बँकेला सांगता येत नाही. सही करायची तर तेवढी रक्कम आपल्या खिशातून गेली असं समजून करा. तसं समजून करवत नसेल तर नाही म्हणा. मेहुणा दिवाळीला येणार नाही, आणखी काय होईल?

आता थोडं वेगळं. कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर घर अडचणीत येतं, आणि त्याच घराचे पैसे कुठेतरी पडून असतात. आमच्या विमावाल्या ताई आलेल्या प्रत्येक वहिनीला आधी यजमानांचं पासबुक मागतात आणि मे-जूनमधल्या नोंदी बघतात. 436 रुपये वजा झालेले दिसले की त्यांचा चेहरा बदलतो. ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना, पन्नास वर्षांपर्यंत घेता येते, पंचावन्नपर्यंत चालते, मृत्यूनंतर वारसाला दोन लाख. 20 रुपयांची नोंद असेल तर ती अपघात विम्याची, त्यातही अपघाती मृत्यूला दोन लाख. खातं उघडताना कोणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, घरी कुणाला पत्ता नसतो. तसंच प्रॉव्हिडंट फंडाचं. नोकरीत असताना माणूस गेला, तर फंडाच्या रकमेखेरीज त्याच खात्याशी जोडलेला विमा असतो, तो सात लाखांपर्यंत मिळू शकतो. त्याचा हप्ता मालक भरतो, म्हणून पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. विधवेचं निवृत्तिवेतन वेगळं. एका वहिनी चौदा महिने शिवणकाम करून घर चालवत होत्या, मुलीचं कॉलेज सोडवायच्या बेतात होत्या. हे तिन्ही अर्ज त्यांनी केलेच नव्हते. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे.

जुनी, दहा वर्षं हात न लावलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, बुडत नाहीत. ‘उद्‌गम’ नावाच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतात. वाड्यातल्या जुन्या पिढीनं कुठे कुठे पैसे ठेवले होते, ते शोधायला आमच्यातले चिकाटीचे दोघं हौसेनं मदत करतात.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. ‘आपल्याला कुठलं मिळतंय सरकारी’ म्हणून घरी बसू नका, आधार घेऊन या. दुसरं, बँकेतल्या ठेवीवर, सहकारी बँक धरून, व्याजासकट पाच लाखांचं विमा संरक्षण आहे. पतपेढीतल्या ठेवीला ते नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी ग्रॅच्युइटी तिथे ठेवणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, फक्त हे वाक्य दोनदा सांगतो.

राहिला लाजेचा प्रश्न. अडचणीत आलेलं घर आम्हाला कागदांवरून नंतर कळतं, मंडळाला मात्र ते आधी कळायला हवं. ते कुटुंब आरतीला यायचं थांबतं. वर्गणीला गेलं की दार उघडत नाही, आत टीव्ही चालू असतो. आपण म्हणतो, फार शिष्ट झालेत. तसं म्हणण्याआधी कोणीतरी एकट्यानं, पावतीपुस्तक न घेता, सहज जाऊन यावं.

आणि कार्यकारिणीला एक विनंती, काहींना आवडणार नाही. स्मरणिकेत आपण वर्गणीदारांची यादी रकमेसकट छापतो. मोठ्या देणगीदारांचा मान राहतो हे खरं. पण पाच हजारांवरून पाचशेवर आलेला माणूस त्या पानाला घाबरतो, आणि पाचशे द्यायला येण्यापेक्षा येतच नाही. नावं छापा, अकारविल्हे छापा, आकडे हिशेबाच्या वहीत राहू द्या.

आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा वाचनालयात असतो. आत कपाटामागे टेबल आहे, बाहेरून दिसत नाही. ऐकलेलं आम्ही घरीसुद्धा सांगत नाही, आमच्या घरच्यांची त्यावरून तक्रार आहे. भगिनींना वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्नाची अट न लावता, मोफत मिळतो, 15100 वर फोन करा किंवा आमच्या वकिलांना विचारा. येताना पासबुक, कर्जाचा करार असेल तर तो, आणि बँकेकडून आलेली सगळी पाकिटं घेऊन या. फोडलेली नसली तरी चालतील, आपण इथे बसून फोडू.