‘घरच्यासारखी’ बाई आणि तिचे वेतन



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून एका मित्राने मला विचारले, “हा तर ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न, तो सभेत कशाला?” मी म्हटले, तो उंबरठ्याबाहेर येत नाही म्हणूनच सुटत नाही.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. मुलगा व सून दोघेही नोकरीला जातात. नात दिवसा पाळणाघरात असते. तिला सांभाळण्यासाठी आम्ही एक मुक्कामी बाई ठेवली. सकाळी २ तास व संध्याकाळी ३ तास काम, दुपार तिची स्वतःची, जेवणखाण आमच्याकडे आणि महिना ९००० रुपये, असे ठरले. म्हणजे तासाला ६० रुपये. आम्ही स्वतःच्या उदारपणावर खूश होतो.

पुढे नातीला ताप आला. बाई ३ रात्री उशाशी जागल्या. महिनाअखेर मी पगार पुढे केला, तेव्हा त्यांनी विचारले, “आजोबा, रात्रीचं काही धरलंत का?” मी म्हणालो, “अहो मावशी, तुम्ही तर घरच्यासारख्या!” त्या शांतपणे म्हणाल्या, “घरच्यांना रजा मागावी लागत नाही.”

मी निरुत्तर झालो आणि वही घेऊन बसलो. कामाचे तास प्रत्यक्षात रोज ७ भरत होते. दर उतरला सुमारे ४३ रुपयांवर; आणि रात्री त्यात नव्हत्याच!

श्रोतेहो, मुक्कामी बाईचा वेळ तीन प्रकारचा असतो: कामाचा, हाकेच्या अंतरावर अडकून राहण्याचा आणि स्वतःचा. पहिल्याचे आपण पैसे देतो, दुसरा फुकट घेतो आणि तिसरा हळूहळू गिळून टाकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. हाकेला बांधलेला वेळ देशाच्या कायद्याने ठरेल तितका कामात धरावा, वस्तुरूप मोबदला मर्यादित असावा आणि विश्रांतीच्या वेळी बाईला घरात थांबण्याची सक्ती नसावी, असे तो सांगतो. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. पण कल्याण मंडळ म्हणजे वेतनाचा दर नव्हे. तो दर अजून आपल्या दारातच ठरतो, आणि तेथे एक बाजू गरजू असते.

“पण आम्ही राहायला जागा देतो ना!” असे कोणी म्हणेल. ती बाहेरच्या खोलीतली पथारी कोणाच्या सोयीसाठी असते? रात्री मूल रडले की कोणी उठावे म्हणून. मग तिचे भाडे पगारातून कसे कापावे?

आम्ही नवा करार कागदावर लिहिला. ७ तास, ६० रुपये दराने महिना १२,६०० रुपये. जागरणाचे पैसे वेगळे. आठवड्याची सुट्टी पगारी, आणि त्या दिवशी कोठे जाता हे विचारायचे नाही. घरखर्चाला ओढ लागली, हे कबूल करतो. ज्यांना हे परवडत नसेल त्यांनी तास कमी घ्यावेत. दर कमी करू नये.

माया पैशात मोजता येत नाही, हे खरे. पण ती पगाराच्या पाकिटात पैशांच्या जागी घालताही येत नाही. आज घरी गेल्यावर एक वही काढा आणि बाईंना शेजारी बसवून त्यांचे तास लिहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.