नेमणूकपत्राच्या पुढचं काम



माझ्या उजवीकडे उभ्या असलेल्या सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताईंचं स्वागत मी सगळ्यांत आधी करतो. त्यांच्या हातांशिवाय माझं बोलणं कोल्हापुरात भरलेल्या दिव्यांगांच्या नोकरीवरच्या या परिषदेतल्या कितीतरी जणांपर्यंत पोहोचणारच नाही. रॅम्प मुख्य दारालाच केला आहे. मागच्या, जनरेटरशेजारच्या दारातून कोणालाही आत यावं लागू नये, असा स्वागत समितीचा आग्रह होता.

26 जुलै 1902 रोजी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. मला तेवढीच मोठी वाटते ती भाऊसिंगजी रोडवरची गोष्ट. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. हुकमाने जागा मिळते, पण शेजारी बसणारं माणूस मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दिव्यांगांच्या नोकरीबाबत आज आपण याच दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे आहोत.

पहिली पायरी कायद्याने बांधून दिली आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आले, 1995 च्या कायद्यात ते सात होते. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्के झालं. खासगी उद्योगाला आरक्षणाची सक्ती नाही, पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर केलंच पाहिजे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कोणती कामं दिव्यांग व्यक्तींना देता येतील आणि त्यांची निवड कशी होईल, हेही त्यात लिहायचं आहे. माझ्या उद्योजक मित्रांनी उद्या ऑफिसात गेल्यावर आपलं धोरण कुठल्या फायलीत आहे, ते विचारावं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरातल्या दिव्यांगांपैकी कामात असलेले शंभरात अवघे 36, आणि स्त्रियांमध्ये 23.

मी शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप चालवतो, म्हणून शॉप फ्लोअरवरचंच बोलतो. आमच्या सीएनसी लेथवरचा एक मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे, आयटीआय झालेला. तो येणार म्हटल्यावर सुपरवायझरने विचारलं, "साहेब, अलार्म वाजला तर त्याला कळणार कसं?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर मशीनच्या डोक्यावरच होतं. तिथे लाल, पिवळा, हिरवा दिवा असतोच. आम्ही आगीच्या भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडला, फोर्कलिफ्टची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखली आणि फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा लावला. खर्च किरकोळ झाला आणि फायदा सगळ्यांचा. शॉपमधल्या त्या आवाजात ज्यांना ऐकू येतं त्यांनाही भोंगा कुठे धड कळतो? आज तो पोरगा मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवतो आणि थरथरीवरून सांगतो की कापणारी इन्सर्ट घासली आहे. गेजमध्ये जॉब अडायच्या आत ती बदललेली असते.

मशीन सोपं गेलं. चहाची सुट्टी अवघड गेली. दहा-बारा जण हसत-खिदळत बसायचे आणि हा कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, कोणाला त्याच्याशी बोलता येत नव्हतं इतकंच. त्याच्याच एसटीने येणारा एक हेल्पर आधी खुणा शिकला, मग क्रिकेटच्या निमित्ताने बाकीचे शिकले, आणि विशेष शाळेतल्या बाईंनी येऊन त्या नीट बसवून दिल्या. शिफ्टच्या सूचना आता फळ्यावर लिहितात, सुपरवायझर त्याच्याकडे तोंड करून बोलतो. पुढे सेटरची जागा निघाली, तेव्हा निवडीच्या यादीत त्याचं नाव होतं. त्याला कामावर घेतलं त्यापेक्षा ते नाव यादीत आलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. दहा वर्षं एकाच खुर्चीवर बसवून ठेवणं म्हणजे सामावून घेणं नाही.

अंध उमेदवाराचा अडथळा तर कारखान्याच्या दाराआधीच सुरू होतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण अर्ज स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात असेल, किंवा चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखल्याशिवाय पुढचं पान उघडत नसेल, तर ते काय वाचणार? व्हीलचेअरवरच्या मुलीला मुलाखतीला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं जातं, आणि लिफ्ट नसते. एसटीत सवलत आहे, पण पायरी उंच आहे. हे सगळं दुरुस्त करता येण्याजोगं आहे, म्हणूनच ते तसंच राहिलेलं पाहून चीड येते.

एक गोष्ट आम्हा कारखानदारांनी स्वतःला विचारायला हवी. पॉवर प्रेसखाली बोटं गेलेला कामगार आमच्याच छपराखाली दिव्यांग झालेला असतो. सेवेत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, हे 2016 च्या कायद्याचं कलम सरकारी आस्थापनांनाच बंधनकारक आहे. ईएसआय विम्यातून त्याला कायमच्या अपंगत्वाचं पेन्शन मिळतं, पण सकाळी डबा घेऊन निघण्याची जागा मिळत नाही. तपासणी, स्टोअर, नव्या पोरांचं ट्रेनिंग, कितीतरी कामं त्याच्या अनुभवाची वाट बघत असतात. खासगी उद्योगांनी ते कलम आपणहून लागू करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जबर जखमी झाले. 1972 मध्ये त्यांनी हायडेलबर्गला पॅरालिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं, आणि पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पदकाची गोष्ट आपण आवडीने सांगतो, नोकरीचीही तितक्याच आवडीने सांगावी. आमच्या कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड ही संस्था उभी केली. अशी माणसं घरात असताना कोल्हापूरच्या उद्योगांना बाहेरून धडे घेण्याची गरज पडू नये.

दुपारच्या सत्रात कारखानदार आणि उमेदवार समोरासमोर बसणार आहेत. उद्योजक मित्रहो, येत्या महिन्यात निघणाऱ्या तुमच्या जागांची यादी तेव्हा जवळ ठेवा. "धडधाकट हवा", "दुचाकी चालवता आली पाहिजे" अशा अटी त्या कामाला खरोखर लागतात का, ते समोरच्या उमेदवाराच्या देखत तपासा, आणि लागत नसतील त्या तिथेच खोडा. आता उद्घाटकांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.