क्रेडिट म्हणजे जमा की कर्ज?

आज आपण एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलू या. तो आपल्या पासबुकात आहे, मोबाईलवरच्या मेसेजमध्ये आहे, आणि मुलगी कॉलेजात असेल तर तिच्या निकालपत्रातही आहे. तो शब्द म्हणजे 'क्रेडिट'.

गटांच्या बैठकीत आम्हाला बायका नेहमी विचारतात, "ताई, क्रेडिट झालं म्हणजे पैसे आले की कर्ज झालं?" प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही अर्थ खरे आहेत. पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे. पण किसान क्रेडिट कार्ड म्हटलं की तिथे क्रेडिट म्हणजे कर्ज. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात, त्यांनाही क्रेडिट म्हणतात. तिथे अर्थ होतो श्रेय. कॉलेजात एखादा विषय चार क्रेडिटचा असतो, तिथे ते अभ्यासाचं माप असतं.

एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून? याचं मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे 'क्रेडेरे' म्हणजे विश्वास ठेवणं, आणि 'क्रेडिटुम' म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. तिथून इटालियन, फ्रेंच असा प्रवास करत हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. आणखी गंमत ऐका. भाषेचे अभ्यासक सांगतात की 'क्रेडेरे' आणि आपला 'श्रद्धा' हा शब्द एकाच जुन्या मुळातून निघाले आहेत. म्हणजे क्रेडिट आणि श्रद्धा या चुलत बहिणीच म्हणायच्या!

आता कोडं सुटतं. क्रेडिट शब्द दिसला की एकच प्रश्न विचारायचा: कोणी कोणावर विश्वास ठेवला? आपण बचत बँकेत ठेवली, तर आपण बँकेवर विश्वास ठेवला. ती जमा. बँकेने आपल्याला पैसे दिले, तर बँकेने आपल्यावर विश्वास ठेवला. ते कर्ज. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पत. पतसंस्था, पतपुरवठा हे शब्द त्यातूनच आले.

पण मेसेजमध्ये हा फरक दिसत नाही. कर्जाची रक्कम खात्यात आली तरी मेसेज 'क्रेडिटेड' असाच येतो. आमच्या एका गटातल्या ताईंना ४०,००० रुपये आल्याचा असा मेसेज आला. अनुदान आलं म्हणून घरात आनंदीआनंद! पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं की ते कर्ज होतं आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होणार होता. म्हणून पैसे आले की ते कशाचे आले हे बँकेत विचारा, मगच खर्च करा. आणि "पैसे क्रेडिट करतो, पिन टाका" असं फोनवर कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

पत कागदावरही मोजली जाते. सिबिलचा क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आपल्या नावावर कर्ज काढून दुसऱ्याला दिलं आणि त्याने हप्ते थकवले, तर स्कोअर आपला घसरतो. मग दिराचा असो की भावाचा, शब्दाला भुलून सही करू नका. आपला पूर्ण क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो मागून घ्या.

आता श्रेयाकडे वळू. पेरणी, निंदणी, काढणी आपण करतो, पण सातबारा घरधन्याच्या नावावर असतो. म्हणून किसान क्रेडिट कार्डही बहुधा त्यांच्याच नावावर निघतं. पापड आपण लाटतो, बिलावर नाव दुसऱ्याचं. जिथे कामाचं श्रेय आपल्या नावावर लागत नाही, तिथे पतही आपल्या नावावर चढत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, तो उगीच नाही.

बचत गटाचं मोल इथेच आहे. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडून सुरुवात केली, तेव्हा या बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हतं. बँकेने काय पाहिलं? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेलं दप्तर. आपली पंचसूत्री हीच आपली पत. म्हणून गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि रक्कम तिच्यासमोर लिहिली गेली पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना आपापलं पासबुक घेऊन या. जमेच्या रकान्यातली एकेक रक्कम मोठ्याने वाचा आणि ती कशाची आहे ते एकमेकींना सांगा. जिला सांगता येणार नाही, तिच्यासोबत दोघीजणी बँकेत जा.