प्रवेश परीक्षेतील इंग्रजी : शब्द, व्याकरण आणि वाचन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शिक्षणावर चार शब्द बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. विषयाची निवड आपण माझ्यावर सोपवली होती. पण खरे सांगायचे तर ती पालकांनीच केली. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर वा मुलुंड असो, गेली काही वर्षे मला एकच प्रश्न ऐकू येतो : ‘सर, बारावीला इंग्रजीत मार्क चांगले पडले, मग प्रवेश परीक्षेच्या इंग्रजीत का पडत नाहीत?’ प्रश्न साधा वाटतो. त्यात घराघरांतील पैसा, मुलांचा आत्मविश्वास आणि पुढील तीन-चार वर्षांची दिशा गुंतलेली असते, म्हणून त्याचे उत्तर जरा मुळापासून शोधू या.

इंग्रजीची चाळणी लावून विद्यापीठाचे दार उघडणे ही आजची प्रथा नव्हे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी. मॅट्रिक म्हणजे शाळेची अखेरची परीक्षा, असे आपण समजत आलो. वस्तुतः ती विद्यापीठाने घेतलेली प्रवेश परीक्षाच होती. विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे, हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ.

१८८७ मध्ये राजकोटचा एक विद्यार्थी अहमदाबाद केंद्रावर याच परीक्षेला बसला. त्याचे गुण आज उपलब्ध आहेत : इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी साडेपंचेचाळीस, गणितात १७५ पैकी ५९, सामान्य ज्ञानात १५० पैकी ५४, एकूण ६२५ पैकी साडेदोनशेला अडीच कमी. चाळीस टक्केही नाहीत. त्या विद्यार्थ्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. सर्व विषय इंग्रजीतून शिकावे लागल्यामुळे आपली किती वर्षे वाया गेली, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांच्या पाल्याला इंग्रजीत कमी गुण पडले असतील त्यांनी ही गुणपत्रिका अवश्य लक्षात ठेवावी. मला मात्र त्यातील दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. ६२५ पैकी २०० गुण इंग्रजीचे. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश भार एकट्या इंग्रजीवर.

आता थेट २०२४ मध्ये येऊ. मधल्या काळात विद्यापीठाची मॅट्रिक गेली, शालान्त परीक्षा मंडळ आले, नंतर दहावी-बारावीची रचना आली आणि कित्येक वर्षे बारावीची टक्केवारी हीच महाविद्यालय प्रवेशाची किल्ली राहिली. जूनमध्ये महाविद्यालयाच्या भिंतीवर लागलेल्या गुणवत्ता यादीसमोरची गर्दी इथल्या अनेकांना आठवत असेल. बीएमएस, बीबीए, बीसीए हे आपल्या समाजातील मुलांचे आवडते अभ्यासक्रम. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ते आपल्या कक्षेत घेतल्यावर २०२४ मध्ये राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी घेतली. प्रश्न १००, वेळ ९० मिनिटे. त्यांपैकी ४० प्रश्न इंग्रजीचे, ३० तर्कशक्तीचे, १५ सामान्य ज्ञानाचे आणि १५ संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाचे. गांधीजींच्या मॅट्रिकमध्ये इंग्रजीचा वाटा शेकडा बत्तीस होता; इथे तो चाळीस झाला. शिवाय प्रत्येक प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. परीक्षा इतकी अकस्मात आली, की काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून घेतले.

मग बारावीचे गुण इथे उपयोगी का पडत नाहीत? आपल्या राज्यात इंग्रजी कसे शिकवले गेले, याचे स्मरण केले तर उत्तर मिळते. ‘डू ॲज डायरेक्टेड’ हा प्रश्न कोण विसरेल? ‘रिमूव्ह टू’ म्हटले की ‘सो... दॅट’ घालायचे, ‘नो सूनर’ आले की मागोमाग ‘दॅन’ आलेच. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे वाक्यांचे रूपांतर गणितासारखे केले आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. ते निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. त्याने वाक्याचा सांगाडा कळला. परंतु प्रश्नच सांगे की कोणता नियम लावायचा. प्रवेश परीक्षा ते सांगत नाही. ती एक वाक्य पुढे ठेवते आणि विचारते, यात चूक कुठे आहे?

चुका कुठे होतात, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे, कारण त्या बहुधा आपल्या मातृभाषेतून येतात. ‘सकाळपासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींत मराठी ‘पासून’च वापरते, गुजरातीतही दोन्हीकडे ‘थी’ चालते. इंग्रजीत आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा तर ‘फॉर’. म्हणून आमचा हुशार मुलगाही ‘सिन्स टेन इयर्स’ लिहून येतो. आपल्याकडे लग्न कोणा‘शी’ होते, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. इंग्रजीला तेथे ‘टू’ हवे. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’, हे आपले शुद्ध, निर्दोष वाक्य. त्याचे इंग्रजी करताना ‘मी’चा ‘तो’ होतो, काळ मागे सरकतो आणि ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. ए, ॲन आणि द ही उपपदे तर आपल्या भाषेत नाहीतच. याचा अर्थ असा, की मराठी किंवा गुजराती घरातील मुलाच्या व्याकरणातील चुका अगणित नसतात. त्या पंधरा-वीस ठरावीक जागी होतात. त्या जागा त्याला मातृभाषेशी तुलना करून दाखवल्या, तर दोन महिन्यांत पुष्कळ काम होते. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकताना दोन भाषा अशाच शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. आजच्या क्लासमध्ये मातृभाषेचा शब्द उच्चारणेही कमीपणाचे मानतात, हे मला अजिबात पटत नाही.

शब्दसंग्रहाची कथा वेगळी आहे. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना जीआरई द्यावी लागे. तिच्यात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांचे साधर्म्य असे प्रश्न असत. त्यासाठी बॅरन्सच्या पुस्तकातील साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करणारी मुले लोकलच्या डब्यात हमखास दिसत. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. घाटकोपरला चढायचे आणि दादरपर्यंत तीस शब्द संपवायचे. ऑगस्ट २०११ मध्ये ती परीक्षा बदलली. विरुद्धार्थी आणि साधर्म्याचे प्रश्न काढून टाकले आणि वाक्यातील संदर्भावरून शब्द ओळखण्यावर भर आला. सॅट या परीक्षेने साधर्म्याचे प्रश्न २००५ मध्ये आणि दुर्मीळ शब्दांचा सोस २०१६ मध्ये सोडला. कायद्याच्या प्रवेशासाठी असलेली क्लॅटही २०२० पासून सुमारे साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर बेतली गेली.

परीक्षकांनी असे का केले असेल? ‘सॅन्क्शन’ हा शब्द घ्या. बँकेने कर्ज ‘सॅन्क्शन’ केले म्हणजे मंजूर केले. एका देशाने दुसऱ्यावर ‘सॅन्क्शन’ लादले म्हणजे निर्बंध घातले. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि नजरचूक म्हणजेही ‘ओव्हरसाइट’. यादीतून एक अर्थ पाठ केलेला विद्यार्थी इथे नेमका फसतो. आपल्याकडेही ‘उत्तर’ म्हणजे प्रश्नाचे की दिशा, हे वाक्यच ठरवते ना? मराठीत हे कळायला आपण कधी यादी पाठ केली नाही.

तरीही आजही बारावीच्या सुट्टीत शब्दांच्या जाडजूड याद्या विकत घेतल्या जातात. व्यापारी समाजाला मी सांगावे असे नाही, पण ज्या मालाची मागणी घटली, त्यात भांडवल का गुंतवायचे?

खरी कसोटी आहे ती वाचनाची, आणि तिथेच इंग्रजी माध्यमाची मुलेही अडखळतात. एक उदाहरण देतो. समजा उताऱ्यात असे म्हटले आहे : ‘३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या दशकांत उपनगरांतील वस्ती वाढत गेली.’ प्रश्न येतो, यावरून कोणता निष्कर्ष निघतो? एक पर्याय असतो : ‘विजेच्या गाडीमुळे उपनगरांची वस्ती वाढली.’ वर्गातील निम्म्याहून अधिक मुले त्यावर खूण करतात. गोष्ट कदाचित खरीही असेल. घरी आजोबांनीही तसेच सांगितलेले असते. परंतु उताऱ्यात ‘त्यानंतर’ आहे, ‘त्यामुळे’ नाही. जे जगात खरे आहे पण उताऱ्यात नाही, ते उत्तर चुकीचे. बरोबर उत्तर फार साधे असते : गाडी आधी आली, वाढ नंतर झाली. साधे असते म्हणूनच मुलांना ते आवडत नाही!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा दोष इंग्रजीचा नाही. हाच उतारा मी मराठीत दिला, तरी तीच मुले तीच चूक करतात. ‘वाचना’ आणि ‘पृच्छना’ हे शब्द आपणास परिचित आहेत. वाचल्यावर विचारणे, हे स्वाध्यायाचे अंगच मानले गेले आहे. अर्धमागधी विषय घेतलेल्या मुलांत मला ही सवय अनेकदा दिसली. परक्या वाटणाऱ्या वाक्याचा प्रत्येक शब्द कोणाशी जोडला आहे, हे ती थांबून पाहतात. उलट फडाफड इंग्रजी बोलणारा मुलगा पुष्कळदा उतारा नजरेखालून घालतो आणि अंदाजाने खूण करतो. पालकांना त्याच्या बोलण्याचा अभिमान असतो, आणि निकाल लागला की परीक्षाच खोटी वाटू लागते.

ही परीक्षा न्याय्य आहे काय? माझ्या मते पूर्णतः नाही. मराठी किंवा गुजराती माध्यमातून हिशेब, अर्थशास्त्र उत्तम शिकलेल्या मुलीला शंभरातील चाळीस प्रश्न इंग्रजीचे आणि तेही मिनिटाला एकाहून अधिक या वेगाने सोडवायला लावणे, यात भाषेपेक्षा सरावाची परीक्षा जास्त होते. आणि सराव विकत घेता येतो. दुसरे असे, की चार पर्यायांतून निवडताना विद्यार्थ्याला स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. महाविद्यालयात गेल्यावर मात्र पहिल्याच सत्रात पाने भरून लिहायचे असते. तथापि अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत. प्रवेशाच्या वेळी इंग्रजी टाळले, तर अडचण केवळ सहा महिने पुढे जाईल.

एक माहिती पालकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ मध्ये सीयूईटी सुरू झाली. तिच्या भाषा विभागात तेरा भाषा ठेवल्या गेल्या आणि त्यांत मराठी व गुजराती दोन्ही आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांना यादीतील कोणतीही एक भाषा चालत आली आहे. इंग्रजी साहित्यासारख्या विषयाला अर्थातच इंग्रजी हवे. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय मुलाच्या नावापुढे इंग्रजीवर खूण करू नका. जिथे मातृभाषेचा मार्ग मोकळा आहे, तिथे तो केवळ संकोचाने सोडला जातो, हे मी पाहिले आहे.

तयारीविषयी थोडे बोलून थांबतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे; तेव्हा अक्षरओळख, प्राथमिक शब्द सर्वांपाशी आहेत. उणीव आहे ती रोजच्या वाचनाची, आणि ती आठवीपासून भरून काढावी लागते. रोज वीस मिनिटे इंग्रजी वर्तमानपत्रातील एक लेख. मग पुस्तक मिटून, त्यात काय म्हटले आहे ते आजीला मराठीत किंवा गुजरातीत तीन वाक्यांत सांगायचे. आजीला इंग्रजी येत नसेल तर अधिक चांगले, कारण ती ‘म्हणजे काय रे?’ असे हमखास विचारते. आईवडिलांनी एकच प्रश्न विचारावा : ‘हे कोणत्या वाक्यात लिहिले आहे?’ मुलाने बोट ठेवून वाक्य दाखवावे. घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवणे हे अखेरच्या तीन महिन्यांचे काम आहे. त्याआधी घड्याळ नको.

आपल्या संस्थेचे सभागृह रविवारी सकाळी दहानंतर रिकामे असते, असे मला व्यवस्थापकांनी सांगितले. आठवी ते दहावीच्या वीस-पंचवीस मुलांना तेथे तासभर बसवता येईल. दोन इंग्रजी वर्तमानपत्रे आणि एक मोठा शब्दकोश, एवढाच खर्च. पहिल्या चार रविवारचे उतारे मी घेऊन येईन; नावे आज कार्यालयात नोंदवावीत.